पाच नंबर लेनचा पहिला बॉल

१

"मॅडम, या सहा बॉलांपैकी माणूस मारायले कोणता चांगला?"

प्रश्न अंजू राठोडनं विचारला, पण तिच्या तोंडात तो घातला होता वर्गातल्या दिपाली आणि सुरभीनं. "एवढी वाघीण झाली ना तू, मग विचारून दाखव. नाही विचारलं तर उद्यापासून मागच्या बाकावर," अशी पैज शाळेतून येतानाच लागली होती. नववीत हजेरी देताना जिचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढं जात नसे, तीच ही पोरगी. मागल्या वर्षी भावाच्या हाताखाली लाकडी पट्टीवरून जड बॉल सोडून दहा पिना पाडायचं बोलिंग शिकली, जिल्ह्यात पहिली आली, आणि तेव्हापासून आवाज असा सुटला की तिला गप्प बसवणं हे शाळेत एका मास्तरचं काम राहिलं नाही.

जागा होती लोहाऱ्याच्या एमआयडीसीतलं बापूजींचं बोलिंग. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये बापूजींनी सहा लेन टाकल्या तेव्हा अख्खं यवतमाळ हसलं होतं. आता तिथंच उद्या व्यावसायिक खेळाडूंची पहिली स्पर्धा होती आणि नागपूर-हैद्राबादचे खेळाडू वरच्या खोल्यांत उतरले होते.

ज्यांना प्रश्न विचारला त्या विजयमाला मॅडम नागपूरच्या. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, मनगटं कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. अंजूच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला होता. दिपाली-सुरभीनं तोंडावर हात दाबले. मग मॅडम मोकळ्या हसल्या.

"मारायचाच असेल तर कोणताही चालतो गं. सगळे सात-सात किलोचे. डोक्यावरचं तेल बघून बॉल निवडावा लागत नाही." मागं पिकलेल्या हशाकडं लक्ष न देता त्यांनी दोन बॉल उचलले, एक काळा, एक जांभळा. "पिना पाडायच्या असल्या की मात्र निवड आली. लेनच्या पुढच्या भागाला तेल लावलेलं असतं, मागचा भाग कोरडा. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर आला की पकडतो आणि वळतो. उद्याचं तेल छोटं आहे, फळ्यावर लिहिलंय बघ. म्हणजे कोरडी जागा जास्त. हा काळा खरबरीत आहे. छोट्या तेलावर टाकला तर लवकर पकडेल, इतका वळेल की पिनांच्या पलीकडं जाईल. म्हणून उद्या हा जांभळा, युरेथेन नावाच्या प्लास्टिकचा. हा बेताबेतानं वळतो."

"आणि तेल लांब असलं तर?"

"तर उलट. जांभळा सरळच पळत सुटतो, वळायचं नावच घेत नाही. तिथं काळाच लागतो."

"म्हणजे एक शांत नि एक चावरा," अंजू म्हणाली.

मॅडमना ते फार आवडलं. "उद्या माझी बॅग तूच सांभाळ. माझा स्कोअरही तूच लिही."

अंजू हवेत होती. गुडघ्यावर बसून तिनं शांत आणि चावरा दोघांनाही बॅगेत निजवलं. बॅगेतून नेलपॉलिश काढायच्या औषधाचा भपकारा आला. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही नटायची हौस असते याचं तिला कौतुक वाटलं. मग चेन लावून देणाऱ्या मॅडमच्या बोटांकडं तिचं लक्ष गेलं. नखं मुळापासून कापलेली, कोरी.

तेवढ्यात रामराव आले. लेनला तेल मारणारे, मशीन राखणारे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारे रामराव. शर्टाच्या खिशात त्यांचं बॉलचा कडकपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र होतं.

"सहाही लेनवर छोटं तेल मारून झालं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आता कोणी बॉल टाकायचा नाही. सकाळी खेळाच्या आधी सगळ्यायचे बॉल मोजीन. नरम निघाला थो बाहेर. आणि शाम राठोडचं नाव मी काढलं. ज्यानं तेल मारलं थो खेळत नसते."

शाम म्हणजे अंजूचा थोरला भाऊ. रामरावांचा मदतनीस आणि हॉलमधला सगळ्यात चांगला खेळाडूही. तो काउंटरजवळ उभा होता.

"हे आज सांगता? वर्षभर तुमच्या संग तेल मारलं, तवा नियम कुठं गेलता?"

"तवा स्पर्धा नव्हती."

शामनं हाताला लागला तो बॉल उचलून फेकला. काउंटरची काच फुटून तुकडे पोरींच्या पायापर्यंत आले. दुसऱ्या क्षणाला त्याची मूठ रामरावांच्या तोंडावर बसली होती. बापूजींचा मुलगा पियुष धावला, दोघंही काचेवर पडले, आणि चार जणांनी ओढून बाजूला करेपर्यंत शाम एकच बोलत राहिला, "डोकं फोडतो याचं. एक दिवस डोकंच फोडतो."

रामरावांनी ओठाचं रक्त पुसलं. "अंजू, भावाले घरी ने बाई," एवढंच म्हणाले.

शाम घरी आला नाही. आणि सकाळी रामरावांचं डोकं खरोखरच फुटलेलं होतं.

२

अंजू सायकलवरून हॉलच्या फाटकात शिरली तेव्हा आधी तिला आवाज ऐकू आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. गर्दी घुसळत होती आणि गर्दीच्या पायात शाम होता.

"भिया," ती ओरडली आणि सायकल टाकून आत घुसली. कोणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं, जिभेवर रक्ताची चव आली. पियुष शामच्या छातीवर बसून दोन्ही हातांनी मारत होता. शामचा शर्ट पुढून सगळा लाल होता. त्यातलं किती रक्त त्याचं होतं आणि किती दुसऱ्याचं, हे कळायला मार्ग नव्हता.

फौजदार रंजिता कोवे आल्या त्या दांडा फिरवतच. पियुषच्या पाठीवर दोन बसले तेव्हा कुठं तो उठला.

रामराव हॉलच्या मागं, जनरेटरच्या शेडपाशी जुन्या सरकीच्या ढिगावर पालथे पडले होते. मागून डोक्याची कवटी खचली होती. पांढरी सरकी रक्तानं भिजून गोळा झाली होती. शेजारी हॉलचाच एक बॉल पडला होता, लख्ख पुसलेला. अंजूनं तोंड फिरवलं नाही. फिरवायला हवं होतं, पण तिची नजर त्यांच्या मुठीवर अडकली. उजव्या मुठीत कडकपणा मोजायचं यंत्र होतं, काच तडकलेली. मुठीला इतकी घट्ट पकड होती की कोवे मॅडमना एकेक बोट सोडवावं लागलं.

"मी त्यायले उचललं," शाम सुजलेल्या ओठांतून बोलत होता. "राती मी फाटकावरच्या चौकीदाराच्या खाटेवर झोपलतो. घरी जायची लाज वाटली. सकाळी लघवीले इकडं आलो. मले वाटलं जित्ते हायेत, म्हणून उचललं."

"काल मारलं, आज उचललं," पियुष थुंकला.

कोवे मॅडमनी शामला जीपमध्ये टाकलं. अंजू जीपच्या दाराला लोंबकळली.

"त्यानं नाही मारलं, मॅडम."

"पंचवीस लोकांसमोर तुझ्या भावानं डोकं फोडायची भाषा केली. अंगावर मेलेल्याचं रक्त आहे. मला दुसरं नाव दे, आणि का ते सांग. उद्या त्याला कोर्टात उभं करायचंय." मग त्यांनी तिच्या ओठाकडं पाहिलं आणि खिशातला रुमाल दिला. "मार खाऊनही तू मागं सरली नाहीस, एवढं पाहिलं मी."

जीप गेली. अंजू तिथंच उभी राहिली. रडू येत होतं, पण त्याहून मोठा एक प्रश्न येत होता. बॉल सकाळी मोजायचे होते. मग रात्री मरताना रामरावांच्या मुठीत ते यंत्र काय करत होतं?

३

बापूजींनी स्पर्धा रद्द केली नाही. "हॉलच्या बाहेर झालं जे झालं. गुन्हेगार पकडला गेला. खेळाडूंच्या परतीच्या गाड्या आहेत," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. दुपारी खेळ. मात्र पुन्हा तेल मारायला आता माणूस नव्हता, म्हणून रामरावांनी कालच मारून ठेवलेल्या तेलावर खेळायचं आणि ते बिघडू नये म्हणून सरावाचे बॉल कोणी टाकायचे नाहीत. आणि बॉल मोजणारा गेला, तेव्हा बॉल मोजणंही रद्द.

अंजूला हॉलमध्ये कोणी अडवलं नाही. ती विजयमाला मॅडमची बॅगवाली होती.

पहिलं गाठलं पियुषला. तो बर्फात मूठ बुडवून बसला होता. बोटांची सालं गेलेली.

"रात्री कुठं होते तुम्ही?"

"तू कोण वं, मले विचारणारी?"

"शामची बहीण. तुम्ही ज्याले मारलं त्याची."

पियुष हसला, पण डोळे नाही हसले. "वरच्या खोलीत होतो. पिलतो. जा, बापाले सांग माझ्या. रामरावनं तर आधीच सांगितलं होतं. म्हातारा माझी एकेक बाटली मोजे." बर्फ त्यानं भिंतीवर भिरकावला. "चाबी माझ्यापाशीबी हाये, असंच ना? आता चाल फूट."

दुसरा रजत. नागपूरचाच, विजयमाला मॅडमच्या शेजारच्या खोलीत उतरलेला, तरणा, या वर्षीच्या नागपूरच्या स्पर्धेचा विजेता. तो हळू आवाजात बोलला.

"रामराव सख्त आदमी होता, पण सच्चा. मागच्या महिन्यात नागपुरात एकाचा बॉल नरम निघाला, त्याला दोन वर्षं बंदी. त्याचं करिअरच संपलं. छोट्या तेलावर नरम युरेथेनचा फायदा होतो ना, लोक मग काय काय करतात."

"रात्री काही पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं नाही. ऐकलं. जेवणानंतर पाणी घ्यायला जिन्यात आलो, तर खाली मशीनची घरघर चालू होती. म्हटलं रामराव अजून तेल मारून राह्यला."

 तेल मारून झालं, असं रामराव जेवणाच्या कितीतरी आधी सगळ्यांसमोर बोलले होते.

तिसऱ्या विजयमाला मॅडम. त्यांनी अंजूला जवळ घेतलं, ओठाला मलम लावलं. "तुझ्या भावासाठी मी चांगला वकील बघते. राग येतो गं माणसाला, एक क्षण असतो." मलमाची डबी त्यांच्या हातून दोनदा निसटली. अंजूला वाटलं, आपल्यासाठीच.

दुपारच्या आधी ती बाबरोबर ठाण्यात गेली. बा म्हणजे तिचे वडील देवीलाल, मालाचा टेम्पो चालवणारे. पोलिसांशी बोलताना त्यांचा आवाज गळ्यातच राहायचा. शामच्या एका डोळ्याची फट झाली होती. अंजूनं गजांपाशी तोंड नेलं.

"भिया, तेलाचं मशीन कोण चालवू शकते?"

"चालवाले काय लागते? लेनवर ठेवा, हिरवं बटन दाबा. आधी लेन पुसते, मग तेल टाकते. आपलं आपण जाते नि येते. हॉलवाले सगळे पाहतेच ना."

"छोटं तेलबी तसंच?"

"नाही. मशीन बंद करून सुरू केली की रोजच्या गिऱ्हाइकायच्या लांब तेलावर जाते. छोट्यासाठी नंबर टाका लागते. थो नंबर रामरावले नि मले माहीत." त्यानं कपाळ गजांना टेकवलं. "बापासारखा होता थो मले, अंजू. मी त्याच्या तोंडावर मारलं."

४

दुपारी सहा लेनवर सहा खेळाडू उभे राहिले. चिठ्ठ्या टाकून लेन मिळाल्या होत्या. रजत तीन नंबरवर, हॉलकडून खेळणारा पियुष चारवर, विजयमाला मॅडम पाचवर. एक डाव झाला की प्रत्येकानं पुढच्या लेनवर सरकायचं. हॉलच्या दारापाशी बंदोबस्ताला कोवे मॅडम स्वतः आल्या होत्या, भिंतीला टेकून गर्दीवर नजर ठेवून होत्या.

बॅगांच्या चेना सरसरल्या. रजतनं युरेथेन काढला. पियुषनं युरेथेन काढला. हैद्राबादच्या दोघांनीही तेच केलं. जो तो आपल्या लेनकडं डोळे लावून.

अंजूनं न सांगताच जांभळा शांत बॉल उचलून मॅडमच्या पुढं केला.

"तो राहू दे," मॅडम म्हणाल्या. "काळा दे."

"चावरा? छोट्या तेलावर?"

"दे म्हटलं ना."

अंजूनं दिला. मॅडम चार पावलं चालल्या, हात मागं गेला, आणि काळा बॉल लेनवर उतरला. अंजूनं मनातल्या मनात त्याला आत्ताच वळताना, पिनांच्या पलीकडं जाताना पाहिलं. पण तो घसरतच राहिला. घसरला, घसरला आणि अगदी शेवटी असा वळला की दहाच्या दहा पिना फुटल्यासारख्या उडाल्या.

स्ट्राइक. टाळ्या पडल्या. अंजूनं स्कोअर लिहिला आणि तिला अभिमान वाटला. चॅम्पियन उगाच होत नाही कोणी.

दुसऱ्या डावाला मॅडम सहा नंबरवर सरकल्या. तिथं त्यांनी न बोलता जांभळा घेतला. पाच नंबरवर आला पियुष. त्यानं आपला युरेथेन टाकला. बॉल सरळ पळाला, वळलाच नाही, कडेच्या दोन पिना पाडून नालीत गेला. दुसरा टाकला, तसाच. पियुषनं शिवी हासडली आणि पायानं बॉलचा स्टँड असा उडवला की त्यातला एक बॉल हैद्राबादच्या पोराच्या पायावर पडला. पोरगा किंचाळून खाली बसला. मारामारी व्हायची राहिली ती रजत मध्ये पडला म्हणून.

तिसऱ्या डावाला तिथं रजत आला. या वर्षीचा विजेता. त्याचाही पहिला बॉल सरळच्या सरळ गेला. तो वाकला, लेनवर बोट फिरवलं, बोट वर धरून उजेडात पाहिलं.

"इथं तेल लांब आहे," तो चक्रावून बोलला. "बाकी लेनवर छोटं, इथंच लांब. हे कसं?"

अंजूच्या हातातला पेन थांबला.

सगळे फसले होते. फसायलाच पाहिजे होते, कारण फळ्यावर छोटं लिहिलेलं होतं आणि सरावाचा एकही बॉल कोणी टाकला नव्हता. पाच नंबरवर आज पहिला बॉल ज्यांनी टाकला त्या मात्र फसल्या नव्हत्या. त्यांनी चावरा मागून घेतला होता.

तिला वर बघवेना. वर बघितलं असतं तर फोटोतलाच चेहरा दिसला असता.

५

मशीनची खोली लेनच्या मागं होती. अंजूनं कोवे मॅडमचा हात धरला आणि अक्षरशः ओढत तिथं नेलं.

"मॅडम, रामराव सरकीवर नाही मेले. पाच नंबरवर मेले."

"सावकाश बोल. आणि कारण सांग."

"रात्री जेवणानंतर रजतनं मशीन ऐकली. तेल तर आधीच मारून झालं होतं. मग मशीन कोणी कायले चालवली? मशीन तेल टाकायच्या आधी लेन पुसते. कोणाले तरी लेन पुसायची होती." ती मशीनपाशी बसली. मशीनमध्ये पुसायच्या कापडाचा रोल असतो. वापरलेलं कापड दुसऱ्या दांडीवर गुंडाळत जातं. तिनं झाकण उघडलं. सगळ्यात वरचा वेढा तेवढा तपकिरी-लाल होता, वाळून ताठ झालेला. एका जागी करडे केस चिकटले होते.

कोवे मॅडमनी तिचा हात मागं घेतला. "शिवू नको. पण तुझ्या भावालाच तर मशीन चालवता येतं."

"म्हणूनच तो नाही. शामभियाले छोट्या तेलाचा नंबर माहीत हाये. त्यानं पुसली असती तर छोटंच तेल टाकलं असतं, कोणाले पत्ता लागला नसता. जिनं पुसली तिले बटन माहीत होतं, नंबर माहीत नव्हता. पाचवर लांब तेल पडलं. आणि ते पडलं हे तिले माहीत होतं, म्हणून तिनं आज—"

"अंजू, माझी बॅग कुठं ठेवलीस?"

दारात विजयमाला मॅडम उभ्या होत्या. हातात जांभळा बॉल. त्यांनी आधी उघड्या झाकणाकडं पाहिलं, मग अंजूकडं.

"तुम्ही चावरा कायले घेतला?" अंजूचा आवाज फुटला, पण थांबला नाही. "तुम्हीच शिकवलं मले. काल, याच हॉलमध्ये."

"मनात आलं, घेतला. खेळाडूला तेवढं कळतं."

"मग हा बॉल मोजू द्या. रामरावांच्या मुठीत यंत्र होतं. सकाळपर्यंत थांबणारा माणूस रात्री यंत्र काढते तर समोर बॉल असीन ना कोणाचा. तुमच्या बॅगेले नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास येते, नि तुमच्या नखांवर कधी रंग नसते. त्याच औषधात बुडवून नरम केला ना हा?"

विजयमाला मॅडमचा चेहरा आधी म्हातारा झाला आणि मग त्यावर काहीच उरलं नाही.

"सकाळी सगळ्यांसमोर नको म्हणून मी रात्रीच बॉल घेऊन पाचवर गेले, पाया पडले त्यांच्या," त्या म्हणाल्या. "ही शेवटची स्पर्धा म्हटलं. ते म्हणाले, नरम म्हणजे नरम. पाठ फिरवून चालायला लागले. वीस वर्षं गं, अंजू. वीस वर्षं एका म्हाताऱ्याच्या सुईवर. हाताशी हॉलचा बॉल होता. नंतर बॉलच्या ढकलगाडीवर घालून मागं नेलं नि लेन मशीननं पुसली; पडलं ते लांब तेल, पण नंबर ठाऊक नव्हता."

आणि त्या सरळ अंजूवर आल्या. बॉल खालून वर येताना अंजूला दिसला, हात तिनं आपोआप पुढं केला. वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज तिच्या मनगटातून आला आणि ती मशीनवर आदळली. बॉल पुन्हा वर गेला. तो खाली यायच्या आत कोवे मॅडमचा दांडा विजयमालाबाईंच्या कोपरावर बसला, मग गुडघ्यावर, मग पुन्हा कोपरावर. बॉल सुटून फरशीवर पडला. फरशी तडकली.

दोघी बायका जमिनीवर लोळत होत्या. कोवे मॅडमच्या कपाळातून रक्त वाहत होतं. अंजूनं डाव्या हातानं भिंतीवरची तेल पुसायची लांब काठी ओढली आणि विजयमालाबाईंच्या पाठीवर मारली. एकदा, दोनदा. रडत रडत मारत राहिली, बेड्यांचा खटका ऐकू येईपर्यंत.

६

शाम घरी आला. एका डोळ्यावर टाके, दोन बरगड्या पट्टीत. अंजूचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. याडीनं, म्हणजे आईनं, चंदाबाईनं, दोघांना एकाच ताटात भरवलं आणि कोणाशी बोलली नाही.

तांड्यात जीप आली ती बापूजींची. सफरचंदांची पेटी घेऊन ते खाटेवर टेकले.

"देवीलाल, पोरगा सुटला ना? झालं तर मग. पोरीचं नाव कायले गोवता आता? त्या बाईच्या घरचे मोठे लोक हायेत. वकील उभे करतीन, पेपरात फोटो येईन. लहान हाये पोरगी. तिनं काही पाहिलं नाही म्हटलं तर कोण फाशी देते तिले? कापडाचा रोल हाये ना पोलिसांपाशी."

देवीलाल मान हलवत राहिले. बापूजी गेल्यावर ते म्हणाले, "उमरखेडले मामाकडं नेतो मी तिले. टेम्पोत डिझल भरून ठेवलं. सकाळीच निघू. दहावी तिकडूनच दे."

"दवाखान्यात कोवे मॅडम काय बोलल्या, आठवते का?" अंजूनं विचारलं.

आठवत होतं. कपाळाला पट्टी बांधलेल्या कोवे मॅडमनी लपवून काही ठेवलं नव्हतं. पोलिसांसमोर ती बाई जे बोलली ते कोर्टात चालत नाही. कापडावर रक्त आहे, पण मशीन कोणी चालवली हे कापड सांगत नाही. अंजूचं मनगट तिनंच मोडलं, बॉलही नरम आहे, हे दिसतं. त्यावरून खून तिनं केला असं होत नाही. शामला चौकशीपुरतं सोडलंय, त्याचं नाव अजून निघालेलं नाही. पाच नंबरवर पहिला बॉल कोणता पडला, तो कोणी मागून घेतला, हे पाहणारी हॉलमध्ये एकच होती. बाकीचे खेळाडू आपापल्या लेनकडं बघत होते, लोक पिनांकडं.

"आठवून काय करू मी?" चंदाबाई पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज चिरका झाला होता. "एक पोरगं तोडलं लोकांनी. आता तुले तोडतीन. थो हात पाहून राह्यली का तू आपला? बॉल उचलता येईन का नाही, डॉक्टरले सांगता येत नाही."

"येईन, नाहीतर डाव्या हातानं उचलीन."

शाम भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची पाठ हलली. "राहू दे, अंजू," तो म्हणाला. "जा तू उमरखेडले."

अंजूनं ताट बाजूला सारलं. तिच्या कोपऱ्यात भिंतीवर चार डिंकाचे डाग होते, मधला फोटोचा कागद तिनं दवाखान्यातून आल्या आल्या डाव्या हातानं ओरबाडून काढला होता. ती उभी राहिली, कारण बसून तिला मोठं बोलता येत नसे.

"बा, उद्या टेम्पो काढू नको. याडी, तू कामावर जाऊ नको. कोवे मॅडम सकाळी इथंच येणार, मीच त्यायले फोन केला. मी जबाब देणार हाये. कोर्टात बोलावतीन तवा तिथंबी जाईन, नि विजयमालाबाईच्या तोंडावर सांगीन का तिनं माझ्या हातून काळा बॉल मागून घेतला. तुमी माझ्या बाजूले बसायचं का नाही, थे तुमी ठरवा. माझं ठरलं."